तासाआधीची गोळी

"काही नाही गं, डोकं चढलंय जरा," असं म्हणत ताई पर्सच्या आतल्या कप्प्यातून गोळी काढायच्या आणि पाण्याशिवाय गिळायच्या. मान एकदा मागे, की झालं. मग खडू उचलून नववीच्या वर्गाकडे.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, नेपियर टाउनमधल्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी इतिहास. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून टेबलही एकच.

शाळेत त्या पाणी प्यायच्याच नाहीत. बायकांच्या संडासाला कडी नव्हती. "प्यायलं की जावं लागते. त्यापेक्षा नकोच बाप्पा." अकरापर्यंत डोकं ठणकायला लागायचं, मग गोळी. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. आपण तिला सोशिक म्हणतो. मीही म्हणायचे. माझं डोकं दुखलं तर माझ्यापुढेही त्यांचा तळहात यायचा, "घे. सुट्टीपर्यंत निभेल."

एका हिवाळ्यात त्यांच्या पायांवर सूज दिसली. चपलेचे पट्टे रुतून वळ उठले होते.

"डॉक्टरला दाखवा ना, ताई."

"काहून घाबरून राहिली? उभं राहून होते हे. परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. मग पेपर तपासणं, मग मुलीचं लग्न. मी रोज त्या पायांकडे बघायचे, धास्तावायचे, आणि दुसरंच काही बोलायचे.

जुलैत फळ्यासमोरच त्यांना उलटी झाली. मी ऑटोत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "दर्द की गोली कब से खा रही हैं?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. "बारा-तेरा साल."

दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. रोजची गोळी, त्यात पाणी नाही, डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात मी कुणाला न सांगता माझं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट आणायला शाळेतून परस्पर गेले. तो चांगला आला. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. भेटायला गेले की म्हणायच्या, "आता तहान लागते गं, तर पाणी मोजून देतात." एकदा मध्येच विचारलं, "संडासाला कडी लागली काय?"

"लागली, ताई."

खरंच लागली होती. आम्ही सगळ्याजणी मिळून मोठ्या मॅडमकडे गेलो होतो. एका दुपारचं काम निघालं.

दीड वर्षानं त्या गेल्या. नदीच्या ग्वारीघाटावर अस्थींचा कलश घेऊन त्यांचे यजमान नावेकडे निघाले होते. अबोल माणूस. माझ्याजवळ येऊन थांबले.

"घरी माझ्यासमोर तिनं कधी गोळी घेतली नाही. तुम्हाला माहीत होतं काय, मॅडम?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, कलश छातीशी धरला आणि नावेत चढले.