राखण्याची बाटली

खरं बोलायला लावून डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला फसवलं. मी शेजारीच बसले होते, माझ्या डोळ्यांदेखत.

मालवणच्या मासळीबाजारात मी डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली. आज बर्फाची गाडी माझी स्वतःची आहे आणि लिलावात व्यापारी आधी माझ्या तोंडाकडे बघतात. मनातला भाव पहिल्या बोलीत मी कधी सांगितला नाही, कुणी सांगतो यावर विश्वासही ठेवला नाही. तरी त्या दिवशी कुडाळच्या दवाखान्यात मी नवऱ्याला फारसं अडवलं नाही, कारण डॉक्टर म्हणाले, "काका, खरं सांगा. त्यावरच औषध ठरेल."

नवरा ट्रॉलरवर घसरून कमरेवर आदळला, त्याला वर्षं झाली. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं नाही. पडलेली चप्पल सरळ करायला वाकला तरी त्याला घाम फुटतो. साध्या गोळ्यांनी पोट जाळलं. अफूच्या जातीच्या जोरदार गोळ्या असतात, त्यांनी तरी निदान बसता येईल, असं कळलं. पण त्या कायमच्या द्यायच्या तर माणूस आधी पारखून घेतात. ते पारखणारे डॉक्टर महिन्यातून एकदा बाहेरून कुडाळला यायचे.

दहापैकी किती दुखतं, असं त्यांनी विचारलं. मी कोपराने ढोसलं, दहा म्हणा. नवरा म्हणाला, "सात. धा झाला असता तर हंय येवक गावला नसता."

डॉक्टर हसले. मग दारूचं विचारलं. आमच्याकडे वर्षाला राखण्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, कोंबडा आणि बाटली देतात, उरलेली घरातले पुरुष तीर्थ म्हणून घेतात. नवऱ्याने ते सांगितलं. दुखणं वाढल्यापासून राखण नसतानाही झोपताना घोटभर घेतो, हेही सांगितलं. थोरला भाऊ दारूने गेला, तेही. समुद्राकडे बघितलं की रडू येतं, तेही. मला माहीत नव्हतं त्यातलं शेवटचं.

डॉक्टर आवाज न चढवता बोलले. या गोळ्यांवर दारू पडली तर झोपेत श्वास थांबू शकतो. घरात व्यसनाने माणूस गेलेला असेल, मन खचलेलं असेल, तर गोळीचीच सवय लागण्याची भीती जास्त. तीन महिने थेंब नको, मनाचं औषध घ्या, व्यायाम करा, मग बघू.

मी घासाघीस सुरू केली. अर्धी गोळी द्या. गोळ्या माझ्या कुलपात राहतील, मी हाताने देईन. बाटली तुमच्यासमोर फोडते. ते मान हलवत राहिले. समोरच्याला काहीतरी हवं असेल तर सौदा होतो. त्यांना आमच्याकडून काहीच नको होतं.

नवरा तेवढा म्हणाला, "माझी बंद करतलंय, डॉक्टरानू. राखण्याची कशी बंद करू?"

गाडीत मी त्याच्यावर खेकसले, "कित्याक सगळा सांगलात?"

"इचारल्यानी म्हणान सांगलंय," तो म्हणाला आणि मागच्या सीटवर कुशीवर पडून राहिला.

त्याने दारू सोडली. राखणीच्या दिवशी झाडाखाली बाटली ओतली आणि तीर्थ पुढे आलं तेव्हा तोंड फिरवलं. धाकटा दीर म्हणाला, ह्यो बायकोक भियालो. वाडी हसली. नवरा भिंत धरून घरी आला. घोटभर दारूने जी झोप लागायची तीही गेली. मनाच्या औषधाने रडणं कमी झालं, कंबर तशीच.

तीन महिन्यांनी कुडाळला गेलो, तर खोलीला कुलूप. डॉक्टर आता येत नाहीत, कुठे गेले माहीत नाही, असं दवाखान्यातली बाई म्हणाली. गोव्याला जा, तिथे पहिल्यापासून तपासतील.

पहिल्यापासून. म्हणजे पुन्हा दारू, पुन्हा भाऊ, पुन्हा समुद्र.

नवरा बाकावर हात टेकून अर्धवट उभा होता. बसणं जमत नव्हतं. त्याने मला विचारलं, "आता थंय काय सांगू गो? खरा?"

मासळीचा भाव विचारा, मी झोपेत सांगेन. याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. खरं सांगा असं ज्यांनी सांगितलं, तीन महिने थांबा असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी आमच्या पडवीत येऊन, माझ्या नवऱ्यासमोर उभं राहून, याचं उत्तर द्यावं.