दोन टाळ्यांमधले मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा निघायचा नाही. दुधात पाणी आहे का, हा संशय तुम्हाआम्हालाही येतो. मामांचा संशय घड्याळांवर. कुर्डुवाडीहून गाडी वेळेवर आली, तर आधी स्टेशनच्या घड्याळाकडे डोळे बारीक करून बघतात. "कुणीतरी काटा मागं सारलाय की!"

मामा घरच्या खोलीत भिंतींना चादरी टांगून भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतात. गाणाऱ्याला, पेटीला आणि तबल्याला एकेक जुना कॉम्प्युटर. आता प्रत्येकाच्या आवाज टिपणाऱ्या साउंड कार्डात स्वतःचं घड्याळ, आणि तिन्ही केसभर वेगळी चालणारी. एकत्र निघालेले तिन्ही आवाज गाणं संपेपर्यंत एकमेकांना सोडून जातात. महागड्या कार्डांना वायर जोडून एकाच घड्याळामागे चालवता येतं. मामांची पडली जुन्या बाजारातली. म्हणून ते सुरुवातीला एक टाळी वाजवतात, शेवटी एक, आणि मग तिन्हीकडच्या टाळ्या जुळेपर्यंत आवाज ताणत-आवळत बसतात. पण खरं घड्याळ कुठलं धरायचं? तिथं घोडं अडायचं. "तिन्ही लबाड हायत. एकालाबी मालक करणार न्हाय," म्हणत मामा तिन्हींची सरासरी काढायचे.

गेल्या वर्षी मामींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहील, असं डॉक्टर काही छातीठोक सांगेनात. तेव्हा आदल्या दिवशी मामांनी त्यांना माइकसमोर बसवलं. डॉक्टर, माइक, पंखा, पेटी वाजवायला बसलेला मी, सगळ्यांवर त्यांचा संशय. पहिली टाळी झाली. शेजारच्यांनी तबला धरला आणि मामी अशा गायल्या, की काय सांगू! गाणं संपलं, तरी टाळी नाही. मामा तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळलेले. शेवटी मामींनीच टाळी वाजवली. "अवो, ऱ्हायली की तुमची!"

ऑपरेशन नीट झालं, आवाज मात्र गेला.

परवा गेलो, तर मामा तेच गाणं ऐकत होते. मी चिडवलं, "मग, सरासरी किती निघाली?"

"न्हाय काढली. पेटी-तबला ताणला. हिच्या आवाजाला हात लावला न्हाय." मग म्हणाले, "हिचं घड्याळ खरं. बाकीच्यांनी हिच्या मागनं चालायचं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून टाळी वाजली. जेवायला हाक मारायची मामींची आता हीच रीत. मामा लगेच उठले. घड्याळाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.