काकांचे तेवीस पियानोवाले

पियानोची एकच रचना तेवीस वादकांकडून ऐकून त्या तेविसांनाही नापास करणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या मावशीचा नवरा आहे. काका साखर कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त आहेत, म्हणजे बेलापूरच्या घरी दिवसभर मोबाईलवर युरोपातल्या कुणा जुन्या संगीतकाराची ती महाअवघड रचना लावून बसतात. वादकांची परदेशी नावं त्यांच्या जिभेला मानवत नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. एक 'घाईवाला', एक 'रडका', एक 'डॉक्टर', कारण तो प्रत्येक सूर तपासून खाली ठेवतो. "घाईवाल्याला यष्टी गाठायचीय," काका सांगतात. "आन् रडका बघ, सुरुवातीलाच रडून मोकळा. मग शेवटाला काय करनार?" एकदा चर्चचे नवे पाळकसाहेब भेटीला आले, तर काकांनी त्यांना छापील स्वरलिपीच्या तिसऱ्या पानावरची, डाव्या हाताची लांबच्या सुरावरची उडी नऊ जणांची ऐकवली आणि विचारलं, "कोनाची खरी वाटली?" पाळकसाहेब बिचारे म्हणाले, "सगळ्यांचीच चांगली आहे." त्यानंतर काकांनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली नाही.

मावशी या सगळ्यात स्वयंपाकघरात असते. आधी कॅसेटी आणि आता मोबाईल, चाळीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकून तिचे कान असे तयार झालेत की पहिल्या चार सुरांत ती भाकरी थापता थापता ओरडते, "डॉक्टर!" आणि कधी चुकत नाही.

खरी गोम पुढेच आहे. काकांच्या बाहेरच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी, खराखुरा पियानो आहे. मिशनच्या साहेबांनी जाताना त्यांच्या वडिलांना दिलेला. काका तो कारखान्यातल्या पान्यांनी स्वतःच सुरात लावतात. त्याची एक पट्टी मुकी आहे. तिची वेळ आली की काका तोंडानेच "टं" म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा या माणसाने मावशीला शब्द दिला होता, की ही रचना तुला पूर्ण वाजवून दाखवीन. चाळीस वर्षांत ते तिसऱ्या पानापुढे गेले नाहीत. उडी आली की हात थांबतात, झाकण बंद होतं. "आधी कोनाचं बरोबर ते ठरू दे," असं म्हणायचं आणि पुन्हा मोबाईल. मला फार राग यायचा. मावशी पासष्टीची, गुडघ्यांनी बेजार. शब्द पाळायचा कधी? एकदा तसं तोंडावर बोललोही. काकांनी पियानोच्या झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "इतके चांगले ऐकल्यावर आपला हात लई लाजतो रे."

गेल्या उन्हाळ्यात तो मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला. मावशीनेच तो माझ्याजवळ देऊन श्रीरामपूरला दुरुस्तीला पाठवला. चौथ्या दिवशी सकाळी तो घेऊन आलो आणि दारातच थबकलो. आत तीच रचना चालू होती, आणि मध्येच स्वच्छ ऐकू आलं, "टं." मी तसाच उभा राहिलो. तिसरं पान आलं, उडी आली, आणि हात थांबले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, "अहो, ह्यो कोन लावलाय? ह्याला कधी ऐकला न्हाई."

पियानोचं झाकण कुरकुरलं.

"बंद करू नका. चांगला हाय. पुरा वाजू द्या."

मोबाईल घरात नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. झाकण पुन्हा वर गेलं. मग डाव्या हाताने उडी घेतली, एक सूर हुकला, पुढचा सापडला, आणि काका चौथ्या पानावर गेले. तिथून शेवटापर्यंत आणखी तीनदा "टं" झालं. आत तव्यावरची भाकरी करपत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझे डोळे भरून आले होते, आणि मी ते लपवलेही नाहीत.

मोबाईल परत मिळाला तसे तेवीस जणही परत आले. पण काल मी फोन केला तेव्हा मागे पियानो ऐकू येत होता. "मावशी, आज कोण?" मी विचारलं.

"त्योच, नवा," ती म्हणाली. "जरा कच्चा हाय अजून. पन मला त्योच आवडतो."