पसंतमामी आणि लांब हाताची मशीन

पसंतमामीला एखादी वस्तू मनापासून आवडली की ती त्या वस्तूकडे पाठ करून उभी राहायची. मग ती माशांची पाटी असो, तांब्याचा हंडा असो, नाहीतर कुणाच्या मुलासाठी पाहायची मुलगी असो. "आवडलं ते तोंडावर दिसू द्यायचं नाय गो. दिसलं की भाव चढलो," असं तिचं म्हणणं. गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या वाड्यावर तिला नेल्याशिवाय कुणी म्हैस घेत नसे की सून आणत नसे. म्हणून ती पसंतमामी. माझी ती नात्यानं कुणी नव्हे. पण लग्न होऊन मी पेडण्याहून इथं आले तेव्हा गोधडी शिवायला तिनंच शिकवलं, आणि मी तिच्यावर असा काही विश्वास टाकला की ग्रामदेवतेलाही हेवा वाटावा.

गोधडी हाती आली की ती आधी उलटी करायची. "वरचो टाको पाव्हण्यांसाठी. माका खालचो दाखव." माझ्या पहिल्या गोधडीची उलटी बाजू पाहून म्हणाली, "बाये, ही पांघरून झोपलंस तर स्वप्नांतसुद्धा गुंता होतलो." मी मुळूमुळू रडले. तिनं शेजारी बसवून घेतलं, सगळी गोधडी उसवायला लावली आणि माझ्याबरोबर स्वतः पुन्हा शिवली. ही माया खोटी नव्हती, हे आजही सांगते. तिथंच तर सगळी पंचाईत आहे.

माझा हात बसला, गोधड्यांना मागणी येऊ लागली. पणजीच्या एका लॉजच्या मालकीणबाईंनी सांगितलं, दिवाळीआधी शिवून देत असाल तर सगळ्या खोल्यांच्या गोधड्या तुमच्याच. मी हुरळले. पण घरची पायमशीन साधी. सुई आणि खांब यांच्यात जेमतेम वीतभर जागा. गोधडीची गुंडाळी त्यातून सरकवायची म्हणजे अर्ध्या वाटेतच बोळा अडकायचा. मला हवी होती लांब हाताची मशीन, सुई अलीकडे आणि खांब पार पलीकडे. वास्कोला बंदराजवळ ताडपत्र्या शिवायची जुनी यंत्रं विकणारा एकजण आहे, असं कळलं. ह्यांनी खाणीवरचा बोनस माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मामीला घेऊन जा. तुला काय कळतंय?" आणि मीही म्हणाले, "तेच तर!"

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. गोव्याचं राज्य होणार, मग राज्याची भाषा कोंकणी की मराठी, यावरून बसमध्ये लोक बाह्या सरसावून बोलायचे. आमच्या वास्कोच्या बसमध्येही मामीच्या डावीकडचा कोंकणीवाला, उजवीकडचा मराठीवाला. मामी डावीकडं वळून "तुमचं खरं" म्हणाली आणि उजवीकडं वळूनही "तुमचं खरं" म्हणाली. दोघंही खूश. मी तोंडाला पदर लावून हसत होते. एवढं डोळ्यांसमोर घडून मला काही कळलं असेल तर शपथ! उलट, वास्को येईपर्यंत मी लॉज कुठं, बाईंना कोणते रंग आवडतात, कापूस कुठला घालायचा, सगळं तिच्या कानात ओतून टाकलं.

दुकानात मामीनं घरून आणायला लावलेली गोधडी गुंडाळून मशिनीच्या हाताखाली घातली. काही न अडकता ती आरपार सरकली. तिनं पायडल मारून पाहिलं, बॉबिन काढून पाहिली, गोधडी उलटली. खालचा टाका वरच्यासारखाच, मोत्यांच्या सरीसारखा. आणि मामी मशिनीकडे पाठ करून उभी राहिली.

मला वाटलं, आता भाव पाडणार! पण तिनं मला हाताला धरून बाहेर आणलं. "नको गो. आवाज ऐकलंस? आतून फुटलेली हा ती."

"पण मामी, खालचा टाका तर..."

"माका शिकवतंस?"

झालं. परतीच्या वाटेवर तिनं मला स्वतःच्या पदरचा भाजीपाव खाऊ घातला. मी दोन खाल्ले.

गणपतीच्या चवथीआधी मामीच्या दारात टेंपो उभा राहिला. काही जड उतरवतायत असं दिसल्यावर मदतीला कोण धावलं असेल? मी. गोणपाटात गुंडाळलेलं ते धूड मीच एका बाजूनं उचललं, मीच तिच्या बलकांवात, पुढच्या ओसरीवर, नीट उजेडाला लावून ठेवलं. गोणपाट सुटलं आणि आतून तो लांब हात बाहेर आला.

"मामी, ही तर तीच!"

"तीच. त्यानं दुरुस्त करून दिली," मामी म्हणाली, पदरानं धूळ पुसत. "तुझ्या घरात सासू, दोन पोरं. तुका झेपली नसती. तू ये माझ्याकडं शिवायला, मजुरी देतंय."

दुसऱ्या दिवशी मी लॉजवर गेले. बाई म्हणाल्या, "तुमच्या मामी परवाच येऊन गोधड्यांचं सगळं ठरवून गेल्या. काय गोड आहेत हो!"

मी मजुरीला गेले नाही, एवढाच माझा पराक्रम. आणि मामी? चवथीला नेवऱ्या, आपल्या करंज्याच त्या, घेऊन नेहमीसारखी आली, पोरांचे पापे घेतले, सासूबाईंशी गप्पा मारल्या. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात पीठ तिंबत एक वाक्य जुळवत बसले. पुढं कितीतरी वर्षं ते वाक्य मी घासूनपुसून लखलखीत केलं. दरम्यान बेळगावला एकटी जाऊन स्वतःची मशीन आणली, धंदा केला, पोरं शिकवली. वाक्य तयारच होतं. वेळ तेवढी यायची होती.

ती वेळ आली बसस्टँडवर. मामीचा मुलगा मुरगाव बंदरात कामाला. म्हातारीला तो कायमची घेऊन निघाला होता. खिडकीतून तिनं माझा हात धरला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "ही माझी पोरच. मशीन म्हणजे काय ता हिका मीच शिकवलं." मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिचे डोळे भरून आले. "वाड्यावर लोक माका काय काय बोलले. तू एकदाय बोललंस नाय. बोलतलंस कशी? तुझ्याशी मी कधी वाकडी वागलंयच नाय."

खोटं बोलत असती तर मी सोडली नसती. पण तिला खरोखरच तसं वाटत होतं.

नातवंडं विचारतात, "आजी, मग तू काय बोललीस?"

बोलले ना. "मामी, वारा लागतो, डोक्यावर पदर घे," म्हटलं. आणि बस सुटली.