सोन्याचा खिळा आणि हॉटप्लेट

बोलण्याआधी हे गृहस्थ उजव्या हाताची दोन बोटं हवेत उभी धरायचे. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलासारखी. समोरचा गप्प झाला की बोटं खाली यायची आणि वाक्य बाहेर पडायचं, “एक लक्षात घ्या. अमेरिकेत हे कधीच होऊन गेलंय.”

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. परदेशात राहणाऱ्या आपल्या प्रत्येक वसाहतीत एक असतोच. आमचा जरा जास्त शिकलेला होता, एवढंच.

आमची इमारत एक आणि जर्मनीतल्या एश्बॉर्नमधलं ऑफिसही एक. त्यामुळे सकाळच्या एस-बानचा, म्हणजे इथल्या लोकलचा, फलाट माझ्या नशिबी यांच्यासोबत आला. गाडी उशिरा असल्याची सूचना झाली की यांचा चेहरा उजळायचा.

“दोन टोकांकडून रूळ टाकत आले, मॅडम. एक कंपनी पूर्वेकडून, दुसरी पश्चिमेकडून. मध्ये डोंगर, वाळवंट. जिथे भेटले तिथे सोन्याचा खिळा ठोकला. आणि इथे यांना एक सिग्नल दुरुस्त होत नाही.”

“रूळ टाकले कोणी?”

“अमेरिकेनं.”

“म्हणजे चिनी आणि आयरिश मजुरांनी. बर्फाखाली गाडले गेले त्यातले कितीतरी.”

“हो, ते आहेच,” असं म्हणून ते मजुरांना बाजूला सारायचे आणि सोन्याच्या खिळ्याकडे परत यायचे. तो खिळा समारंभ आटोपताच काढून घेतला होता, हेही त्यांनीच मला एकदा अभिमानानं सांगितलं. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट होती.

ऑफिसात मी टेस्टिंगची टीम सांभाळते, ते शेजारच्या टीममध्ये होते. मीटिंगमध्ये नवीन सिस्टीमबद्दल कुणी शंका काढली की वाफेची बोट निघायची. नदीत पहिल्यांदा उतरली तेव्हा काठावरचे लोक कसे हसले होते, आणि नंतर त्यांनाच कशी तिकिटं काढावी लागली. कामाची वाटणी करायची म्हटलं की गाड्यांचा कारखाना निघायचा. माणूस जागेवर उभा, गाडी सरकत त्याच्यापुढे येते. सर्व्हर बंद पडला त्या दिवशी तर यांनी सायकलच्या दुकानातल्या त्या दोन भावांचं विमान काढलं. वाळूवर किती वेळा आपटलं, तरी सोडलं नाही. आम्ही सोडलं आणि जेवायला गेलो.

एक वयस्क जर्मन सहकारी होता, शांत स्वभावाचा. तो एकदा म्हणाला, “तसं म्हणाल तर मोटारगाडी तरी आमच्याकडची आहे.”

दोन बोटं वर. “गाडी तुमची. पण ती साध्या माणसाच्या दारात कुणी आणून उभी केली?”

सहकारी माझ्याकडे वळला. “यांच्या दारात कोणती गाडी उभी असते?”

मी काय सांगणार? यांच्या दारात गाडी नव्हती. गाडी चालवण्याचा परवानाही नव्हता. “तिकडे गेलो की शिकणारच आहे, इथे कशाला उगाच,” हे उत्तर मी ऐकून होते.

आणि अमेरिका यांनी पाहिली होती का? पायसुद्धा ठेवला नव्हता. पुण्यात कॉलेजातून यांच्या बॅचचे बहुतेक सगळे तिकडे गेले. यांचा नंबर व्हिसाच्या लॉटरीत लागला नाही, पुढच्या खेपेलाही लागला नाही. मग जर्मनीतली नोकरी मिळाली, तेव्हा यांनी ती विमानतळावर मधल्या स्टॉपला कॉफी घ्यावी तशी घेतली. “आम्ही इथे ट्रान्झिटमध्ये आहोत,” असं ते कुणालाही सांगायचे. मुलगी बालवाडीत होती तेव्हा सांगायचे, आणि ती उंचीनं त्यांच्या खांद्याच्या वर गेली तरी सांगायचे. मुलगी म्हणायची, “पापा, एस राइश्ट!” पुरे झालं, या अर्थी. त्यांना तेवढं जर्मन नक्की येत होतं, पण ते ऐकू आलं नाही असं दाखवायचे.

इथवर हा प्रकार करमणुकीचा होता. पण मी एकदा त्यांच्या घरी गेले.

जर्मनीत भाड्यानं घर घेतलं की स्वयंपाकघर म्हणून चार भिंती आणि नळाचं तोंड मिळतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं सगळं आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन जातो. नव्यानं आपलं बसवायचं. आपले लोक पहिल्या महिन्यात हादरतात, शिव्या घालतात आणि मग निमूटपणे किचन विकत घेतात.

यांनी घेतलं नाही. “निघायचंच आहे, कशाला भिंतीला भोकं पाडायची?” मी गेले तेव्हा यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका घडीच्या टेबलावर दोन प्लेटची विजेची हॉटप्लेट ठेवून स्वयंपाक करत होत्या. भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये घासत होत्या. डाळ-तांदळाचे डबे सामानाच्या खोक्यांत, आणि त्या खोक्यांवर यांच्याच अक्षरात लिहिलेलं, ‘किचन, यूएसए’.

“वहिनी, हे किती वर्षं?”

“मोजायचं सोडून दिलं, ताई,” त्या म्हणाल्या. “पोळ्या करायच्या तर कुकर उतरवायचा. कुकर लावायचा तर पोळ्या थांबवायच्या. सवय झाली.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मला एक ओटा हवाय. बाकी काही नको. उभं राहून दोन्ही हातांनी कणीक मळता येईल असा, न डुगडुगणारा ओटा.”

या बाई इथे येऊन जर्मन शिकल्या होत्या, परीक्षा देऊन आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, कायमच्या नोकरीला लागल्या होत्या. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची रक्तदाबाची गोळी त्यांना तोंडपाठ होती. आणि घरी बाथरूममध्ये कढई घासत होत्या. त्या दिवसापासून मी त्या गृहस्थांच्या सोन्याच्या खिळ्याला हसले नाही. मला त्याचा राग येऊ लागला.

पुढच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाची आरास यांच्याकडे आली. म्हणजे यांनी ती मागून घेतली. आमचं मंडळ एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतं. तिथे थर्माकोलचं मंदिर आणि चमकीच्या माळा, यापलीकडे आमची मजल जात नाही. यांनी दोन बोटं वर करून जाहीर केलं, “हलता देखावा. पूर्व-पश्चिम रेल्वेची भेट. दोन्हीकडून आगगाड्या येतील, बाप्पासमोर थांबतील, आणि मध्ये सोनेरी खिळा.”

मंडळातले एक आजोबा म्हणाले, “बाप्पाला व्हिसा मिळाला वाटतं.”

सगळे हसले. यांनी हसण्यात भाग घेतला नाही.

पश्चिमेचे रूळ यांनी आपल्या दिवाणखान्यात बनवले. पूर्वेचे रूळ बॉनला राहणाऱ्या मंडळाच्या एका उत्साही सभासदाकडे दिले. दोघांनी फोनवर तासन् तास चर्चा केली ती डोंगरांच्या रंगाची आणि इंजिनाच्या भोंग्याची. कुठे जोडायचं हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. दोघंही पेशानं इंजिनियर, हे मुद्दाम नोंदवते.

चतुर्थीला सकाळी दोन्ही भाग टेबलावर ठेवले तर दोघांनीही पूर्ण टेबलभर रूळ टाकलेले. समोरासमोर भेटायचे रूळ शेजारी शेजारी आले. आता कापाकापीला वेळ नव्हता, आरतीला माणसं जमली होती. बटण दाबलं. दोन्ही आगगाड्या भोंगे वाजवत आल्या, बाप्पासमोरून एकमेकींना ओलांडून तशाच पुढे गेल्या आणि टेबलाच्या दोन टोकांवरून खाली पडल्या. एक मोदकांच्या ताटात.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा म्हणाले, “पोचली एकदाची.”

यांची दोन बोटं वर गेली. “एक लक्षात घ्या. खरंही असंच झालं होतं! दोन्ही कंपन्यांना मैलामागे पैसे मिळायचे. रुळांसाठी पुढे जाऊन जमीन सपाट करणाऱ्या त्यांच्या टोळ्या एकमेकांना भेटल्या, पण थांबल्या नाहीत. शेजारून पुढे गेल्या आणि आपापला रस्ता खणत राहिल्या. कित्येक मैल. हे ऐतिहासिक आहे.”

वहिनी हातात निरांजन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “मग थांबवलं कुणी त्यांना?”

“सरकारनं. भेटायची जागा ठरवून दिली.”

“आपली कोण ठरवणार, अहो?”

आवाज चढलेला नव्हता. उलट इतका साधा होता की हॉलमधल्या बायका वळून बघू लागल्या. यांची बोटं वर होती ती हळूहळू मिटली. मग कुणीतरी टाळ धरला आणि आरती सुरू झाली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

देवाची करणी म्हणा, नाहीतर कंपनीची. त्याच हिवाळ्यात कंपनीनं यांना तिकडच्या ऑफिसात बदली देऊ केली. व्हिसा कंपनी काढणार, लॉटरी वगैरे नाही. फलाटावर त्यांनी मला बातमी सांगितली तेव्हा बोटं वर न करताच सांगितली. चेहरा विशीतल्या मुलासारखा झाला होता. त्या चेहऱ्याची टर उडवणं मला जमलं नाही, हे कबूल करते. बाकी सगळ्याची मी उडवली आहे.

“वहिनी काय म्हणतात?”

“येईल. तिला वेळ लागतो.”

वहिनींना वेळ लागला नाही. त्याच शनिवारी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुमच्याकडे मोजपट्टी आहे ना? किचनचं माप घ्यायचंय.”

आम्ही माप घेत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

“हे काय चाललंय?”

“ओटा बसवतेय,” वहिनी गुडघ्यावर बसूनच म्हणाल्या. “मुलीची शाळा संपायचीय, माझी नोकरी आहे. तुम्ही जा. मी अडवत नाही. आयुष्यभर थांबलात, आता मिळतंय तर जा. पण मी आता ट्रान्झिटमध्ये नाही.”

“अगं, पण तिकडे मोठं किचन मिळेल. मध्ये वेगळा ओटा असतो तिकडच्या घरांत.”

“माहितीय. खोक्यावर लिहिलंय तुम्ही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बाजू घ्याल का, असं. मी पट्टी भिंतीला लावली आणि आकडा वाचला.

ते गेले. तिकडे पोचल्यावर कळलं की परवान्याशिवाय कोपऱ्यावरून दूधसुद्धा आणता येत नाही. ज्या देशानं साध्या माणसाच्या दारात गाडी उभी केली, तिथे हे गृहस्थ सहकाऱ्याच्या गाडीची वाट बघत दारात उभे राहू लागले. हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं, जरा हसून. मी माझं हसू आवरलं नाही.

पुढच्या वर्षी ते ख्रिसमसच्या सुट्टीत आले. वहिनींनी मला जेवायला बोलावलं होतं. पांढऱ्या कपाटांची लांब रांग, करड्या दगडी रंगाचा ओटा, चार शेगड्या आणि चारींवर काहीतरी शिजत होतं. वहिनी दोन्ही हातांनी कणीक मळत होत्या आणि ओटा हलत नव्हता. मुलगी कोशिंबीर करत होती. आईशी जर्मनमध्ये काहीतरी बोलून दोघी हसल्या.

“चमचे हवेत ना? मी आणतो,” ते म्हणाले. पाहुण्यानं मदतीला उठावं तसे उठले.

पहिला खण उघडला. त्यात पोळपाट-लाटणं होतं. दुसऱ्यात मसाल्यांच्या बरण्या. तिसऱ्यात फडकी, नीट घड्या घातलेली. प्रत्येक खण हळूच उघडून, आत बघून, आवाज न करता ते बंद करत होते. मुलगी चमचे कुठे ते सांगायला वळली, तर वहिनींनी ‘नको’ म्हणून नुसती मान हलवली आणि मळत राहिल्या. ते एकदाही विचारायला वळले नाहीत. ओट्याच्या कडेला एक हात ठेवून, वाकून, ते पुढचा खण उघडत राहिले.