केवळामाय बसली की मोटार बंद

केवळामाय बसली की आमच्या गावाचं पाणी बंद व्हायचं आणि ती उठली की सुरू व्हायचं. हे मी बाहेरगावच्या माणसाला सांगतो तेव्हा तो आधी माझ्याकडे पाहतो आणि मग हळूच माझ्या तोंडाचा वास घेतो. घ्या बापडे! मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला आहे, गळ्यात माळ आहे, आणि डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतोय.

आमचं गाव चुडाव्याच्या अलीकडे. ग्रामपंचायतीसमोर एक बैठी टाकी आहे, मधे बैलगाडी जाईल एवढाच रस्ता. टाकीमागच्या विहिरीवरची मोटार लावायची आणि टाकी भरत आली की बंद करायची, हे माझं काम. टाकी लहान; मोटार थांबली की घटकाभरात गावाचे नळ कोरडे. पूर्वी त्यासाठी पायऱ्या चढून टाकीत डोकवावं लागायचं. मग पाणी मोजणारं यंत्र बसलं, पण ते सेलवर चालायचं, आणि त्यातले सेल कोणी ना कोणी काढून टीव्हीच्या रिमोटला घालायचं. सरपंच वैतागले. त्यांनी परभणीच्या कॉलेजातल्या पूनम मॅडमना बोलावलं.

मॅडमनी बिनसेलाची चकती आणली, डब्याच्या झाकणाएवढी. ती टाकीच्या भिंतीला चिकटवली आणि समोर ग्रामपंचायतीच्या खिडकीखाली एक पेटी ठोकली. पेटीतून लहर निघते, रेडिओची असते तशी. ती चकतीला पोचते, आणि तेवढ्याच ताकदीवर चकती पाणी मोजून पेटीला उलट कळवते. चकतीचा निरोप आला नाही तर मोटार आपोआप बंद, म्हणजे टाकी ओसंडायला नको. गाव बघायला जमलं होतं. केवळामायनं विचारलं, "म्हंजी ही काईच खात न्हाई? नुसती हवेवर जगायली?"

"हो आजी."

"मग माझ्यावानीच की!" असं म्हणून ती चकतीसमोरच्या दगडावर जाऊन बसली. पेटीवरचा हिरवा दिवा विझला आणि मोटार बंद पडली.

मॅडमनी पेटी उघडली, झाकली, पुन्हा उघडली. मग तिला उठवलं, दिवा लागला. मला बसवलं, विझला. रिकामी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, लागलेलाच राहिला. "माणसाच्या अंगात पाणीच फार असतं," मॅडम म्हणाल्या, "लहर त्यातच मुरते."

"अगं माय! म्हंजी म्या समद्या गावाची लहर पिऊन टाकली?" केवळामाय म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

तो दगड तिचाच होता. तिचा नवरा गवंडी. टाकी त्यानं बांधली, आणि मालाची टोपली डोक्यावरून तिनं वाहिली. नवरा जाऊन जमाना झाला होता, मूलबाळ नव्हतं. दुपार कलली की ती टाकीच्या सावलीत त्या दगडावर येऊन बसायची आणि दिवेलागणीला घरी जायची. येणारेजाणारे यायचे, जायचे. गावानं तिला कधी हाकललं नाही आणि कधी बोलावलंही नाही. विधवा बाई, त्यात जिभेला हाड नाही; कार्यात तिची लोकांना अडचणच वाटायची.

तर तिला ऊठ म्हणणार कोण? सरपंच गेले. "माय, जरा पलीकडं बस की."

"का म्हून? टाकी तुज्या बापानं बांधली का माज्या मालकानं? म्या टोपली वाहायले तवा तुजा बाप हितंच तंबाखू मळत बसला व्हता."

सरपंच आले तसे परत गेले. इलाज सापडला तो त्यांच्या बायकोला, सुनंदावहिनीला. एका दुपारी धुणं अर्धं भिजलेलं, नळ कोरडा. वहिनी तणतणत टाकीपाशी आली. भांडायलाच आली होती, पण माय एवढीशी होऊन बसलेली पाहून तिच्या तोंडून भलतंच निघालं. "चल माय, ऊठ. चहा टाकलाय."

माय उठली. मागे मोटार घुर्र झाली.

मग काय विचारता! गावाला मंत्रच मिळाला. ज्या घरचं पाणी अडलं, तिथलं माणूस टाकीपाशी हजर. चहा टाकलाय, पोहे केलेत, वाळवण राखायला ये, नातीचं नाव सुचंना, जरा ये. माझ्या चुलत भावानं तर रेडकू दाखवायला नेलं आणि ते कोणावर गेलंय असं विचारलं. "बापावर," माय म्हणाली आणि त्याच्याच तोंडाकडे बघत राहिली. गावात जिला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, तिला दुपारची उसंत मिळेना.

"नामा, चहानं पोट जळायलंय रे," ती मला म्हणाली.

"मग जाऊ नको."

"बोलावल्यावर न्हाई म्हनावं का? कसं दिसंल ते?"

संक्रांतीत सुनंदावहिनीच्या घरी हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलेलं, आणि ऐन वेळी पाणी गेलं. वहिनीनं मायला आणवलं आणि सगळ्यांच्या रांगेत बसवलं. कुंकवाचा करंडा फिरत फिरत तिच्यापुढे आला. वहिनी क्षणभर थांबली आणि बोट सरळ तिच्या कपाळाला टेकवलं. दोघीतिघी म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण पाणी नुकतंच आलं होतं, म्हणून बेताबेतानं मुरडली. मी अंगणात नळ बघत होतो. माय बाहेर आली, हातात वाणाची वाटी.

"नामा, माज्या कपाळावर काय हाय बघ रे."

"कुंकू हाय, माय."

"मला वाटलं माशी बसली," ती म्हणाली आणि रडायला लागली. मलाही रडू आलं. आवरलं नाही, कशाला आवरायचं?

आणि नेमकं त्यानंतर मॅडमना आमची कीव आली. त्या लांब वायर घेऊन आल्या, पेटी खिडकीखालून काढून छपराजवळ ठोकली आणि चकती टाकीच्या माथ्याशी लावली. आता लहर मायच्या डोक्यावरून जाऊ लागली. ती बसली काय, उठली काय, मोटार चालूच. सगळे सुखी झाले आणि कोणी टाकीकडे फिरकेना. माय दगडावर बसून रस्त्याकडे बघायची. पदर नीट करायची, पुन्हा बघायची.

असे काही दिवस गेले, आणि एका दुपारी मोटार अचानक बंद. मी धावत गेलो. दगड रिकामा. वर पाहतो तर काय, टाकीच्या अगदी वरच्या पायरीवर, चकतीला पाठ लावून, केवळामाय!

"माय! उतर, पडशील!"

"एकएक पायरी बसून बघितली रे. हितं आल्यावर बंद पडली. पन वर लय वारं हाय."

मी कपाळाला हात लावला. "म्हंजी तू मुद्दाम बसायलीस? पैल्यापासनं?"

"मग! मी बसले की मोटार गप, उठले की घुर्र. एवढं कळंना व्हय मला?"

"मग उठायचं ना, बाई!"

"उठते की," ती म्हणाली. "पन कुनी म्हनलं तर उठते."

मी हात पुढे केला. "चल माय, ऊठ. चहा टाकलाय." चहा टाकला नव्हता, घरी नेल्यावर बायकोनं टाकला. दुसऱ्या दिवशी पेटी आणि चकती मी पुन्हा जुन्या जागी आणली. लांब वायर उंदरांनी कुरतडली, असं मॅडमना कळवलं. उंदीर बिचारे काही बोलत नाहीत. आणि खरं सांगतो, गावातल्या एकानंही तक्रार केली नाही. बायका घागर घेऊन येत, हाक मारत, आणि तिला घेऊन जात.

या उन्हाळ्यात ती गेली. झोपेतच गेली. सगळं गाव लोटलं. आमच्याकडे वेशीजवळ विसाव्याला तिरडी टेकवतात. पण टाकीपाशी आल्यावर पुढचे दोघे न सांगताच थांबले, आणि तिरडी तिच्या दगडावर टेकली. मागे मोटार चालू होती. मोटारीला कसलं सुतक? पण ती बंद पडली.

एवढी माणसं मधे उभी राहिली तर लहर अडणारच, हे मलाही कळतं. पण कोणी हलेना. खांदेकरी तिरडी उचलेनात. शेवटी सुनंदावहिनी पुढे आली, तोंडाला पदर लावून खाली वाकली आणि म्हणाली, "चल माय, ऊठ. चहा टाकलाय."

मग आम्ही तिला उचललं. वळणापर्यंत गेलो, तेव्हा मागे मोटार सुरू झाली.