करपू दिलेली डाळ

गॅस पेटवण्याआधी चांगुणाबाई तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, तळाशी मूठ फिरवायच्या आणि बाहेर काढून तळहात हुंगायच्या. मग तेलाच्या डब्याचं झाकण, मग हळदीचा पुडा. उंद्रीच्या शाळेत खिचडी शिजवायला लागून त्यांना चौदा वर्षं झाली होती आणि हे एक दिवस चुकलं नव्हतं. शिजल्यावर घासभर चाखायचं, चवीच्या रजिस्टरात सही करायची, मगच मुलांची ताटं. एकदा ट्रकमध्ये पाणी लागलेलं पोतं आलं होतं. वरून कोरडं ठणठणीत. दाणा तर स्वच्छ दिसतोय, असं मुख्याध्यापिका पुष्पांजली मॅडम म्हणाल्या, तेव्हा चांगुणाबाईंनी नुसता तळहात पुढे केला. ओल्या गोणपाटाचा वास. पोतं उसवलं तर मधला तांदूळ गोळे धरून बसलेला. तेव्हापासून मॅडम त्यांच्या नाकापुढे बोलत नसत.

त्या नाकाला गोंधळात पाडलं ते त्यांच्याच पोरानं.

कुशल पुण्याला एका मोठ्या हॉटेलात वाढपी होता. त्याची नोकरी महिनाअखेर संपणार होती. टिकायची एकच वाट होती. हॉटेलात युरोपातल्या वाइन येत, आणि कोणत्या जेवणासोबत कोणती द्यायची हे गिऱ्हाइकाला सांगणारा माणूस त्यांना हवा होता. त्याची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. पाच पेले समोर ठेवणार, नाव सांगणार नाहीत. हुंगून, चाखून ओळखायचं आणि कशासोबत शोभेल ते सांगायचं. अभ्यासाला म्हणून तो गावी आला, तो एक जाडजूड पुस्तक आणि मोज्यांत गुंडाळलेल्या सहा लहान बाटल्या घेऊन. हॉटेलातल्या उरलेल्या वाइन एका सिनिअरनं त्याला भरून दिल्या होत्या. पाच बाटल्यांत तळाशी चार घोट. एक मात्र गळ्यापर्यंत भरलेली.

चांगुणाबाईंनी आधी पाण्याचा माठ बाजूला सरकवला. रोज सकाळी विहारात पंचशील म्हणणारी बाई. घरात आजवर दारूचा थेंब आलेला नव्हता. बाटल्या ठेवायच्या कुठे? फडताळात भगवान बुद्धांची मूर्ती, स्वयंपाकाच्या ओट्यावर तर नाहीच. शेवटी मोरीत, पाण्यानं भरलेल्या बादलीत त्या उभ्या राहिल्या. गार लागतात, एवढं तरी साधलं, असं कुशल म्हणाला. पण त्याला त्यापुढचंही हवं होतं. प्रत्येक बाटलीला कसला वास येतो, ते आईनं सांगावं.

पिणं नको, हे त्यांना माहीत होतं. हुंगणं? त्या विहारात गेल्या. त्यांचे दीर देवानंद तिथं वंदना घेत. देवानंदांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"पिऊ नये, हे तं साफ हाय, वयनी. पण हुंगायचं… थे मले इचारून सांगा लागन."

तीन दिवस उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी कळलं की ज्यांना विचारलं, तेही विचारच करताहेत.

तोवर कुशल पुस्तक वाचून मराठीत सांगत बसला आणि चांगुणाबाई आणखी गोंधळत गेल्या. मासळीसोबत आंबटसर पांढरी, मेंढीच्या मटणासोबत काळपट लाल, इथवर त्यांना समजलं. आपणही भज्यांसोबत कढी करतोच की. पण जर्मनीतली एक पांढरी जुनी झाली की तिला रॉकेलचा वास येतो, आणि तो चांगला समजतात. फ्रान्सातल्या एका लालला गोठ्याचा वास, तोही चांगला. रॉकेलच्या वासाचा तांदूळ त्यांनी कधी शाळेच्या उंबऱ्याआत येऊ दिला नसता.

"मंग खराब कोनती?" त्यांनी विचारलं.

कुशलनं पानं चाळली आणि ते पुढे कुठंतरी आहे म्हणाला.

परीक्षा चार दिवसांवर आली आणि पोराचं तोंड सुकत चाललं, तेव्हा त्यांनी देवानंदांच्या उत्तराची वाट पाहणं सोडलं. स्टीलचा पेला हातभर लांब धरून त्या हुंगू लागल्या. पहिल्यात लिंबाची साल. दुसऱ्यात जांभळाची साल आणि थोडा धूर. कुशल भराभरा लिहून घेत होता. सहावी, ती गळ्यापर्यंत भरलेली, उघडली आणि त्यांचं नाक तिथंच थांबलं. ओलं गोणपाट. पुन्हा हुंगलं, तेच.

एरवी त्यांनी बाटली तिथंच मोरीत ओतली असती. पण रॉकेल चांगलं, गोठा चांगला. मग गोणपाटही चांगलं असेल. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या नाकावर विश्वास ठेवला नाही. पेला पोराकडे सरकवला.

"तुले काय वास येते?"

कुशलनं बाटलीवरची चिठ्ठी पाहिली, पेल्यात नाक घातलं, डोळे मिटले. "चेरी. गुलाब. मांगून थोडा ओला पालापाचोळा."

चांगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. लहानपणी पाढे म्हणताना तो असाच डोळे मिटायचा. आणि पेल्यावर वाकलेल्या त्याच्या छातीचा भाता हललाच नव्हता. ज्याला वास घ्यायचा असतो, तो श्वास घेतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी तुरीची डाळ शिजत लावली, पाणी मुद्दाम बेताचं घातलं आणि सूप घेऊन अंगणात येऊन बसल्या. दारातून कुशल दिसत होता. गॅसपासून दोन हातांवर, मांडीवर पुस्तक. थोड्या वेळानं डाळीचा गोडसर वास आला. मग तो वास जड झाला, मग खरपूस. चांगुणाबाईंचे पाय आपोआप उठायला निघाले. त्यांनी ते दाबून धरले. आयुष्यात कधी त्यांच्या हातून डाळ लागली नव्हती.

"चांगुणाबाई, डाळ लागली वो तुमची!" शेजारच्या भिंतीवरून आवाज आला.

त्यांनी हातानंच गप्प राहायची खूण केली. धुराची रेघ दाराबाहेर आली. कुशलनं पान उलटलं.

मग त्या आत गेल्या, गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर खाली बसल्या.

"कधीपासून?"

कुशलनं आधी पातेल्याकडे पाहिलं, मग आईकडे. करोना झाला होता तेव्हापासून, तो म्हणाला. दोन वर्षं. नाक परत येईल असं सगळे म्हणाले होते, आलं नाही. हॉटेलात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तक पाठ करून तो इथवर पोचला होता, आणि आईचं नाक लिहून नेलं, पेल्यातला रंग पाहून तेच वास सांगितले, तर परीक्षाही निघेल असं त्याला वाटलं होतं.

"ती साहावी बाटली सडेल हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "ओल्या पोत्याचा वास मारते. म्हनून कोनी पेलं नाई, म्हनून गळ्यालोक भरेल उरली."

कुशलनं पुस्तकात शोधलं. मागच्या प्रकरणात होतं: बूच बिघडलं की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, अशी बाटली गिऱ्हाइकाला देऊ नये. त्यानं पुस्तक मिटलं आणि तोंड फिरवून बसला. दुसऱ्या कुणा पोराची आई असती तर जवळ घेतलं असतं. चांगुणाबाई उठल्या आणि पातेलं घासायला लागल्या.

घासता घासता त्यांनी विचारलं, "जीभ हाय का?"

होती. आंबट, तुरट, गोड, तिखट, सगळं जिभेला कळत होतं. मग त्या दुपारी त्यांनी भजी तळली, मटणाचा झणझणीत रस्सा केला, पिठलं केलं. कुशल घोटभर घ्यायचा आणि एक घास खायचा. त्या विचारायच्या, जीभ आखडते का, तोंडाला पाणी सुटते का, तेल निघून जाते का. आंबटसर पांढरीनं भजी हलकी झाली. रश्शासोबत पुस्तकाप्रमाणे काळपट लाल घेतली आणि कुशल पाण्याच्या तांब्याकडे धावला. तिखट दुप्पट पेटलं होतं. जर्मनीची किंचित गोड घेतली तेव्हा कुठं शांत झालं.

"पुस्तकात तं मटनासंग लाल लिहेल हाय," तो म्हणाला.

"मंग पुस्तक चुकलं का रस्सा?"

त्यानं दोन्ही लिहून ठेवलं.

निघायच्या दिवशी मात्र त्याच्या खिशात आईनं सांगितलेल्या वासांचीही चिठ्ठी होती. घेऊ का नको, असं त्यानं विचारलं. चिठ्ठी नाही तर नोकरी जाणार. आणि नोकरी गेली तर उंद्रीत परत येऊन काय करायचं, हा प्रश्न त्याच्या तोंडावर लिहिलेला होता. चिठ्ठी नेली तर एखाद्या दिवशी सडलेली बाटली हसत हसत कुणाच्या तरी पेल्यात जाणार. त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर उगाच दोनदा सरळ केली.

"नाक नाई तं नाई, असं सांगजो. आपून चाखल्याबिगर सही नाई करत, बाप्पा."

त्यानं चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.

परीक्षेच्या दुपारी मुलं ताटं धूत होती, तेव्हा फोन आला. पेल्यांना हात लावण्याआधीच त्यानं सांगून टाकलं होतं. समोरचे तिघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, जिभेनं जमेल तेवढं सांग. नावं दोनच ओळखता आली. पण जेवण चार पेल्यांचं बरोबर जुळवलं, आणि तिखट रश्शाचं ऐकून एका साहेबानं ते वहीत टिपून घेतलं. वाइनचं काम दिलं नाही. जेवणाच्या हॉलात सहा महिने ठेवून घेतलं. नाक डॉक्टरला दाखव आणि पुन्हा ये, असं सांगितलं.

चांगुणाबाईंनी ओला हात पदराला पुसला. "म्हंजे पास का नापास?"

"मलेही समजून नाई राह्यलं, माय."

मागे ताटांचा आवाज चालू होता. आनंद मानावा की नाही हे त्यांना ठरवता येईना, आणि पोराच्या आवाजावरूनही काही कळेना. मग त्यांना जे खरंच विचारायचं होतं, ते त्यांनी विचारलं.

"येवढे पाच-पाच परकार मांडले त्यायनं. तुले जेवाले देल्लं का नाई?"